कपाट स्वस्त, श्रम फुकट

सुट्या फळ्यांचे खोके घरी आणावे, सोबतच्या चित्रांच्या पुस्तिकेबरहुकूम स्क्रू आवळावेत आणि संध्याकाळपर्यंत भिंतीशी कपाट उभे करावे, ही रीत महानगरांतील मध्यमवर्गाच्या आता चांगलीच अंगवळणी पडली आहे. या धंद्यातील सर्वांत बडी कंपनी म्हणजे स्वीडनची ‘इकिया’. आपल्या मालाच्या घडणीला ती ‘लोकशाही डिझाइन’ म्हणते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील देखणेपण परवडणाऱ्या किमतीत सामान्यांच्या घरी पोहोचले, असा या शब्दप्रयोगाचा आशय. लोकशाही हा शब्द ज्यांनी जिवापाड जपला, त्या समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी हा दावा तपासल्याशिवाय स्वीकारता कामा नये.

तपासणी करताना प्रथम एक खोटा मार्ग बंद केला पाहिजे. भुशाच्या फळ्यांचे हे कपाट म्हणजे निकृष्ट चैन. खरे कपाट आजोबांच्या काळचे, सागवानी, असे सुस्कारे पुरोगामी घरांतूनही ऐकू येतात. ते सागवानी कपाट होते कोणाच्या घरात? गिरणी कामगाराच्या खोलीत पत्र्याची ट्रंक होती, भांड्यांची मांडणी होती आणि कपड्यांसाठी वळणी होती. चार कपडे, मुलांची पुस्तके आणि रेशनकार्ड नीट ठेवण्यासाठी स्वस्त कपाट मागणे ही त्या घराची रास्त मागणी आहे. तिची थट्टा करणे समाजवाद्यांना शोभत नाही. प्रश्न स्वस्ताईचा नसून त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हा आहे.

ही स्वस्ताई घडते कशी? इंग्वार कांपराड यांनी 1943 मध्ये इकियाची स्थापना केली. 1956 मध्ये मोटारीत टेबल मावेना म्हणून गिलिस लुंडग्रेन या कर्मचाऱ्याने त्याचे पाय काढले, आणि तेथून सुट्या भागांच्या विक्रीला चालना मिळाली, असे कंपनीच सांगते. याच लुंडग्रेन यांनी आखलेले ‘बिली’ हे पुस्तकांचे कपाट 1979 पासून जगभर विकले जात आहे. यामागील हिशेब सरळ आहे. जोडलेले कपाट म्हणजे बव्हंशी पोकळी. ते मालमोटारीतून नेणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. फळ्या चपट्या खोक्यात बसवल्या की वाहतूक, गोदाम आणि मोडतोड या तिन्हींवरील खर्च घटतो. ही बचत खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु दुसरी एक बचत या हिशेबात दडवली जाते. कपाट जोडण्याचे श्रम नाहीसे झालेले नसतात. त्यांनी फक्त जागा बदललेली असते. कारखान्यात तेच काम कामगाराने केले असते, तर त्याला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि पगारी रजा द्यावी लागली असती. ग्राहक ते स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी विनामोबदला करतो आणि वर आपण पैसे वाचवल्याचे समाधान मानतो.

श्रमांपाठोपाठ जबाबदारीही ग्राहकाच्या घरात आली. भिंतीला न जखडलेली खणांची कपाटे अंगावर कोसळून लहान मुले दगावल्यानंतर, 2016 मध्ये इकियाने अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे परत घेण्याची घोषणा केली. कपाट भिंतीला जखडावे, ही सूचना पुस्तिकेत होती, असा कंपनीचा बचाव होता. पुस्तिकेतील सूचनेने मुलाचे रक्षण होत नाही. कपाट मुळातच न कलंडणारे असले पाहिजे, असा दंडक घालणारा कायदा अमेरिकेत झाला तो 2022 च्या अखेरीस, आणि तोही मुले गमावलेल्या आईबापांनी लढा दिल्यानंतर.

ज्याला सुट्टी मिळत नाही किंवा ज्याचा हात या कामाला बसलेला नाही, तो जोडणारा माणूस बोलावतो. हा माणूस बहुधा जुना सुतारच असतो. रंधा, करवत आणि पटाशी यांवर हुकमत असलेल्या कारागिराच्या हाती आता एक ॲलन चावी उरते. मोबाइलवरून काम येते, दर कंपनी ठरवते, आणि ग्राहकाने कमी तारे दिले की पुढचे काम आटते. त्याला कामगार न म्हणता ‘पार्टनर’ म्हणतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ कामगाराची दखल घेतली खरी. पण ती घेताना त्याला मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा ठरवले. ज्या भागीदारीत नफ्याचा वाटा नाही, तिला भागीदारी म्हणणे हा शब्दाचा शुद्ध दुरुपयोग होय.

पुरवठ्याच्या दुसऱ्या टोकाला काय दिसते? स्वीडनमधील फर्निचर व्यापाऱ्यांनी उत्पादकांवर दबाव आणून इकियाची कोंडी केली, तेव्हा 1961 पासून कंपनीने पोलंडमधून स्वस्त माल घेण्यास प्रारंभ केला. पुढे पूर्व जर्मनीतूनही माल येऊ लागला. तेथील तुरुंगांत राजकीय कैद्यांकडून सक्तीने हे काम करून घेतले जात होते आणि कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना त्याची कल्पना होती, हे इकियानेच नेमलेल्या अर्न्स्ट अँड यंग या संस्थेच्या 2012 च्या अहवालातून उघड झाले. 2024 मध्ये इकियाच्या जर्मन शाखेने पीडितांच्या निधीसाठी 60 लाख युरो देण्याचे मान्य केले. येथे केवळ भांडवलदारांकडे बोट दाखवून भागणार नाही. तो तुरुंग समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीचा होता. जेथे विरोधी मताला तुरुंग आहे तेथे श्रमिकाला सन्मान नाही, ही लोकशाही समाजवादाची भूमिका किती रास्त होती, हे या एका उदाहरणावरून कळावे.

आता मूळ दुखण्याकडे वळले पाहिजे. इकिया वाढली त्या काळात स्वीडनमध्ये काय घडत होते, हे तिचे भाट सांगत नाहीत. 1965 ते 1974 या दहा वर्षांत तेथील सोशल डेमोक्रॅटिक सरकारने सुमारे दहा लाख घरे उभी करण्याचा कार्यक्रम पार पाडला. जमीन, कर्ज आणि नियोजन यांत सार्वजनिक यंत्रणा उतरली, म्हणून सामान्य कुटुंबाला घर मिळाले. त्या घरात ठेवायचे सामान मग दुकानदाराने विकले. मुंबईत याच्या नेमके उलटे चालले आहे. बीडीडी चाळीतील कामगारांच्या पिढ्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत संपल्या. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारे घर 300 चौरस फुटांचे. अशा घराला जाहिराती सांगतात की छतापर्यंत कपाट लावा, पलंगाखाली खण करा. घरांच्या टंचाईला कपाटाच्या टंचाईचे रूप देण्याची ही युक्ती आहे.

आणि शासनाचे काय? 2012 मध्ये एकाच ब्रँडच्या किरकोळ व्यापारात शंभर टक्के परकीय भांडवलाला मुभा देताना, 30 टक्के माल देशातून घेण्याची अट घातली गेली. लहान उद्योग आणि कारागीर यांना त्यातून काम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. इकियाचे पहिले दुकान 2018 मध्ये हैदराबादेत आणि दुसरे 2020 मध्ये नवी मुंबईत उघडले. दरम्यान ती अट सैल होत गेली. 2019 च्या बदलानंतर निर्यातीसाठी येथे केलेली खरेदीही त्या 30 टक्क्यांत धरली जाऊ लागली. म्हणजे येथील दुकानात येथील सुताराचे काहीही नसले, तरी कागदावर अट पाळली जाते.

तात्पर्य, या खोक्यांवर बहिष्काराची हाक देऊन काही साधणार नाही. मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, सरकारी आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक घरात भिंतीतील कपाटे बांधूनच द्यावीत. जुन्या घरांतून फडताळ आणि कोनाडा भिंतीबरोबरच येत असे, मग आजच्या इमारतींना ते अशक्य का व्हावे? दुसरी, जोडणी करणाऱ्या सुताराला कायद्याने कामगार मानून किमान वेतन आणि अपघात विमा मिळावा. तिसरी, महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी सुतारांच्या सहकारी संस्थांना साथ द्यावी. उसाच्या चिपाडापासून फळ्या बनतात, हे तंत्र नवे नाही. चिपाडाचा साठा कारखान्यांकडे आहे आणि कसब सुतारांकडे आहे. उणीव आहे ती दोघांना एकत्र आणणाऱ्या संघटनेची.

ती उणीव भरून काढणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. वस्तीत नवे कपाट आले म्हणजे त्याची किंमत विचारली जातेच. ते जोडणाऱ्याला काय मिळाले, हेही विचारण्याची सवय लावली पाहिजे. संघटनेचा आरंभ त्या प्रश्नापासून होईल.