तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे?

रोवणीच्या हंगामात भंडारा जिल्ह्यातली अनेक घरे दिवसभर रिकामी असतात. आई-वडील बांधीत, आजी ओसरीवर आणि शाळेतून परतलेल्या मुलाच्या हातात घरातला एकुलता एक स्मार्टफोन. कोरोनाकाळात अभ्यासासाठी घेतलेला फोन नंतर घरातच राहिला आणि गृहपाठही शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर येऊ लागला. अशा घरात 'मुलांना मोबाइल देऊच नका' हा सल्ला निरर्थक आहे. शाळेच्या निमित्ताने फोन घरात आला असेल, तर त्यातून येणारे धोके शाळेला फाटकाबाहेर ठेवता येणार नाहीत.

'असर'च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसे करायचे, हे ठाऊक असलेले सुमारे 62 टक्के. त्यात फोन वडिलांचा आणि खातेही मोठ्यांच्या वयाचे असेल, तर अल्पवयीनांसाठीची बंधने लागूच होत नाहीत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. उपक्रम चांगला आहे. पण मुलाला कोणी फोटो दाखवून धमकावत असेल, तर तो मेसेज साडेआठनंतरही येतोच.

असे मूल दवाखान्यात येते ते पोटदुखी घेऊन. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. दुखते ते शाळेच्या दिवशी सकाळी, रविवारी नाही. झोप उडालेली, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू, फोन वाजला की दचकणे. या प्रत्येकाला दुसरे कारण असू शकते, म्हणून तपासणी हवीच. पण मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलणेही हवे. आई-वडिलांसमोर ते बोलत नाही. सांगितले तर फोन जाईल ही भीती असते. मुलगी असेल तर शाळाच सुटेल, लग्नाची घाई होईल, ही धास्ती त्याहून मोठी. धमकावणाऱ्याचे सगळे भांडवल हेच.

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट 2024 मध्ये दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीबाबत आदेश दिले. समितीचा निर्णय तर 2022 चाच. कॅमेरा भिंतीवर दिसतो, त्यामुळे तो लवकर बसतो. पण फोनमध्ये जे घडते ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे पेटी आणि समितीच उपयोगी पडते, आणि पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात धूळ खात असेल तर तीही नाही. समितीतल्या एका तरी बाईंचे नाव पाचवीतल्या मुलीला माहीत असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तक्रार आल्यावर 'शाळेची बदनामी नको' म्हणून दोन्ही पालकांना बसवून प्रकरण मिटवण्याची रीत जुनी आहे. लैंगिक गुन्ह्याच्या बाबतीत ती बेकायदेशीरही आहे. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने, शिक्षक असो वा डॉक्टर, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. आणि 'पुरावा' म्हणून तो फोटो शिक्षकांच्या गटावर टाकू नये. मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हाही गुन्हाच, हेतू कितीही चांगला असो. मेसेज पुसू नयेत, फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवावा. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही करता येते. मन खचलेल्या मुलासाठी टेली-मानसचा 14416 आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात. दात, डोळे, वजन, रक्तक्षय पाहतात. त्याच तपासणीत दोन प्रश्न वाढवायला कोणताही निधी लागत नाही: रात्री झोप लागते का, आणि फोनवर कोणी त्रास देते का. मात्र ते रांगेत, सगळ्या वर्गासमोर विचारू नयेत.