बावीस अंशांतला तक्ता आणि नांदगाव पेठचा मे महिना

"दादा, मले इंटेलच पाहिजे. एएमडी भल्ली तापते म्हणते सारे."

गेमिंगसाठी डेस्कटॉप बांधून घ्यायला माझ्याकडे येणारे अर्धे पोट्टे हेच बोलतात. उरलेले अर्धे नेमकं उलट बोलतात: "इंटेल आता संपली, एएमडीचा एक्स-थ्री-डीच टाका." दोघांच्याही मोबाईलमध्ये एकेक तक्ता असतो. कोणता प्रोसेसर कोणत्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम देतो, याच्या आडव्या पट्ट्या. ज्याची पट्टी सगळ्यात वर तो जिंकला, असा हिशोब. मी ही यंत्रं जोडतो, उघडतो, पुसतो आणि पुन्हा जोडतो. हे दोन्ही पक्ष चुकतात असं माझं ठाम मत आहे. चूक पोरांची आणि भुर्दंड आईबापांना, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी "एएमडी तापते" हे घेऊ. ही गोष्ट हवेतून आलेली नाही, तिला मूळ आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअरच्या परीक्षकांनी चालू यंत्रातून प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून काढला. एएमडीचा अॅथलॉन बघताबघता जळाला आणि इंटेलचा पेंटियम ४ स्वतःचा वेग कमी करून वाचला. ती चित्रफीत जगभर फिरली आणि तिच्यातून निघालेलं वाक्य आमच्या नांदगाव पेठपर्यंत पोचलं. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, पेंटियम ४ ची प्रेस्कॉट नावाची आवृत्ती आली आणि तापट म्हणून तीच बदनाम झाली. अलीकडचे आकडे तर सरळ उलटे आहेत. इंटेलचा आय-९ १४९००के जोर लावला की २५३ वॅटपर्यंत वीज खातो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स-थ्री-डीवर १२० वॅटचा शिक्का आहे आणि गेम खेळताना तो शंभराच्याही आत राहतो. म्हणजे जे वाक्य आजोबांच्या अॅथलॉनला लागू होतं, ते नातवाच्या रायझनला चिकटवलेलं आहे. तापणं हे पिढीवर आणि मॉडेलवर असतं, कुळावर नसतं.

आणि कूळ तरी कुठलं? पेंटियम उभा करणाऱ्यांमध्ये ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. १९९३ चा पेंटियम इंटेलमध्ये पूर्ण करून ते १९९५ मध्ये नेक्सजेन या कंपनीत गेले, १९९६ मध्ये ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी पेंटियमशी झुंजायला जो के-६ आला त्याच्यामागे हेच धाम होते. जिम केलर यांचंही तसंच. एएमडीच्या झेन आराखड्यावर काम करून ते २०१८ मध्ये इंटेलमध्ये गेले. माणसं इकडून तिकडे जातात, डोकं तेच राहतं, आणि आमचे पोट्टे मात्र दोन फळ्या करून भांडतात.

"इंटेल म्हणजे भरवसा" हेही आता तपासूनच म्हणावं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या वर्गाचे प्रोसेसर गेम खेळताना अचानक कोसळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा जुना प्रोसेसर कुणी स्वस्तात देत असेल तर मदरबोर्डचा बायॉस अद्ययावत केलेला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, नाहीतर मी एएमडीचा वकील ठरेन. "एएमडीच टाका" म्हणून ज्यांनी डोळे मिटून खरेदी केली, त्यांच्यातल्या अनेकांच्या यंत्रात मला रायझन ५ ५६००जी सापडतो आणि वर वेगळं ग्राफिक कार्ड लावलेलं असतं. ५६००जी चांगला आहे, पण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यासाठी. त्याच्या पोटातच ग्राफिक आहे. त्या बदल्यात त्याचा एल-३ कॅश, म्हणजे माहिती हाताशी ठेवायची जागा, निम्मा, १६ एमबी आहे. साध्या ५६०० मध्ये तो ३२ एमबी आहे. कार्ड घ्यायचंच असेल तर नावातलं ते एक 'जी' गेममध्ये नुकसानच करतं. उलट इंटेलचा आय-५ १२४००एफ २०२२ पासून बाजारात आहे, सहा कोरचा, ६५ वॅटचा, आणि मधल्या दराच्या कार्डाबरोबर आजही कुठे कमी पडत नाही. "संपली" म्हणणाऱ्यांनी तो एकदा लावून पाहावा.

मग तक्त्यात खरं काय आहे? एक गोष्ट निखालस खरी आहे: निव्वळ गेमिंगमध्ये एक्स-थ्री-डी प्रोसेसर पुढे आहेत. पण ते का पुढे आहेत हे ज्याला कळलं, त्याला गिगाहर्ट्झ आणि कोरच्या जाहिराती फसवू शकत नाहीत. ५८००एक्स आणि ५८००एक्स-थ्री-डी हे सख्खे भाऊ. दोघांनाही आठ कोर. पहिल्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.५. वेग कमी असलेला दुसरा भाऊ गेममध्ये बहुतेक वेळा पुढे जातो, आणि सोळा कोरच्या ५९५०एक्सलाही मागे टाकतो, कारण त्याचा एल-३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी आहे.

आपल्याकडच्या लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी कितीही चपळ असो, हातातली बादली छोटी असेल तर चार पानांवर वरण पडलं की त्याला पुन्हा भटारखान्याकडे धावावं लागतं आणि पाचव्या पानावरचा माणूस भात कालवायला ताटकळतो. गिगाहर्ट्झ म्हणजे वाढप्याचे पाय, कोर म्हणजे वाढप्यांची संख्या, आणि कॅश म्हणजे बादली. भटारखाना म्हणजे रॅम. गेमला क्षणाक्षणाला लहानसहान माहिती लागते. ती बादलीत असली तर लगेच पानात पडते, नसली की चक्कर. वाढपी सोळा केले तरी एका ओळीतून एका वेळी दोघं-तिघंच चालू शकतात, बाकीचे कनातीला टेकून उभे. व्हिडिओ कापणं, थ्री-डी चित्रं काढणं ही कामं म्हणजे दहा पंगती एकदम बसलेल्या. तिथे सोळा वाढपी खरोखर लागतात. गेमची पंगत एका ओळीची आहे.

आणि पंगतीत भाजीच शिजली नसेल तर? वाढपी बादली घेऊन उभाच राहणार. भाजी शिजवणारं ग्राफिक कार्ड आहे. तक्ता बनवणारे परीक्षक मुद्दाम खूप दणकट कार्ड, म्हणजे आरटीएक्स ४०९० सारखं, लावतात आणि स्क्रीन मुद्दाम १०८०पी वर ठेवतात. कार्डाचा अडथळा दूर व्हावा आणि प्रोसेसरांमधला फरक उघडा पडावा, हा त्यांचा हेतू असतो. परीक्षक म्हणून ते बरोबरच आहेत. चूक वाचणाऱ्याची आहे. ज्याच्या घरी आरटीएक्स ४०६० आहे आणि जो सायबरपंकसारखा गेम सगळे सेटिंग वर नेऊन खेळतो, त्याच्या स्क्रीनवर त्या तक्त्यातला वरचा आणि मधला प्रोसेसर जवळजवळ सारखेच दिसतात, कारण दोघंही कार्डाची वाट पाहत उभे असतात. असल्या पोराने प्रोसेसरवर दुप्पट पैसे घालून कार्ड धाकटं घेतलं, की त्याने स्वतःच्या हाताने गेम बिघडवला.

"मग प्रोसेसर कुठलाही चालतो" असं म्हणणारेही भेटतात. तेही खोटं आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे गेम कार्डाला हलके आहेत. तिथे प्रोसेसरच फ्रेम ठरवतो. १४४ हर्ट्झची स्क्रीन असेल तर प्रत्येक फ्रेमसाठी ६.९४ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात प्रोसेसरचं काम उरकायला हवं. सरासरी दोनशे फ्रेम दाखवणारं यंत्र नेमकं समोरासमोरच्या गोळीबारात अडखळत असेल तर सरासरीचा उपयोग काय? म्हणून तक्ता पाहायचाच तर सरासरीच्या खालची, सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमची ओळ पाहा. पोरं ती ओळ कधीच पाहत नाहीत.

याहून मोठी लूट जुन्या मालाची आहे. "आय-७ आहे" एवढंच सांगून २०१२ चा आय-७ ३७७० अजून विकला जातो. २०२२ चा आय-३ १२१००एफ, तितक्याच चार कोरचा, त्याला सहज मागे टाकतो. शिवाय तिसऱ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ज्या बापाने कापसाच्या पैशातून असा 'आय-७' पोराला घेऊन दिला, त्याला हे सांगताना माझी जीभ जड होते.

आता मूळ मुद्दा, आमच्या उन्हाचा. जगातले बहुतेक तक्ते वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत तयार होतात. हीटसिंक प्रोसेसरला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवेच्या वर किती अंश चढायचं ते ठरवतो. बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर थांबतो, तो चव्वेचाळीस अंशांत साधारण ९२ वर जातो. रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंश, ७८००एक्स-थ्री-डीची तर ८९, आणि इंटेलच्या चौदाव्या पिढीची १००. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तक्त्यातली वरची पट्टी तिथेच आखडते. ज्याला खायला वीज कमी लागते, त्याच्याजवळ आमच्या मे महिन्यात शिलकीचे अंश राहतात. म्हणून मी वॅट आधी विचारतो, कंपनी नंतर.

गेल्या उन्हाळ्यात एक पोट्टा रडवेला होऊन आला. दुपारी गेम वीस मिनिटांत अडखळायला लागायचा, रात्री ठीक चालायचा. त्याला नवा प्रोसेसर हवा होता. मी कॅबिनेटचं काचेचं झाकण काढलं, प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि खाली पाहिलं: पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा राखाडी थर बसला होता, नमद्यासारखा दाट. नखाने एका कोपऱ्यातून उचलला तर सगळा एका तुकड्यात उठून आला. आमच्याकडे कापूस शेतात आहे, गाड्यांवर आहे, एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यांत आहे, आणि हवेत आहे. पात्यांतून ब्रश फिरवला, वाळून खडू झालेली जुनी पेस्ट पुसली, मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली, समोरची बंद काच काढून जाळी बसवली. त्याच दुपारी, त्याच गेममध्ये, ९५ च्या पुढे जाणारा आकडा सत्तरीच्या घरात आला. प्रोसेसर जुनाच होता आणि त्याच्यात दोष काहीच नव्हता.

खोलीतल्या कूलरबद्दलही सांगायला हवं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात खोली उतरवतो, यंत्रालाही त्याचा फायदा होतो. पण पोरं कॅबिनेट थेट कूलरच्या तोंडाशी ठेवतात, पाण्याचे बारीक कण आत जातात आणि आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार मदरबोर्डवर पांढरा उमटतो. कॅबिनेट कूलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

वीज हा माझ्या मताचा दुसरा खांब. गावालगत १,३५० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे, तरी वैशाखाच्या वावटळीत गावची लाईट जातेच, म्हणून यूपीएसशिवाय मी यंत्र देत नाही. घरोघरी दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. १२४००एफ जोरात ११७ वॅट, आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट. पंखे, मदरबोर्ड आणि स्क्रीन धरूनही तो पेलतो. २५३ वॅटच्या प्रोसेसरवर तेवढंच दणकट कार्ड लावलं तर लाईट जाताच यूपीएसही बसतो आणि अर्धवट लिहिलेली फाईल जाते.

म्हणून मी चिठ्ठीवर लिहून देतो ते असं: १२४००एफ किंवा ५६००, त्या दिवशी मदरबोर्डासकट जो स्वस्त पडेल तो, रॅमच्या दोन पट्ट्या, एक कधीच नाही, उरलेले पैसे कार्डात. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम-५ सॉकेटचा बोर्ड, कारण ते सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालवू असा शब्द एएमडीने दिलेला आहे. ज्याचं कार्ड खरोखर वरचं आहे आणि जो स्पर्धेत उतरतो, त्याला एक्स-थ्री-डी. त्यालाही मी आधी खोलीचं तापमान विचारतो.

ते तापमान मी वहीत लिहून ठेवतो. तारीख, वेळ, खोलीतली हवा, कूलर चालू की बंद, प्रोसेसर, कार्ड, गेम, सगळ्यात वरचा अंश, सगळ्यात खालच्या फ्रेम. एप्रिलपासून जूनपर्यंतची पानं भरली आहेत. पावसाळा लागून हवा दमट झाली आणि कूलर निकामी झाला, तेव्हाचीही. आमच्या हवेचा तक्ता आम्हीच करायला हवा. अकोल्याचं ऊन तर आमच्याहून कडक. तिथे कुणी अशी वही ठेवली असेल, तर तिची मे महिन्याची पानं मला बघायची आहेत.