नाळ आणि नाव



संयुक्त अरब अमिरातीत जन्मलेले अज्ञात मातापित्यांचे मूल १९७२च्या कायद्याने तेथील नागरिक ठरते. कायद्याने त्यास पालक कुटुंबाचा आश्रयही मिळतो. परंतु इस्लामी शरियतनुसार संगोपनाने वंश बदलत नाही. "मी कोणाचा?" हा प्रश्न मोठेपणीही उरतोच.

भारतातून दत्तक गेलेल्यास प्रौढपणी, २०२२च्या नियमांन्वये, आपल्या मुळाचा शोध मागता येतो. मात्र मूल सोपविताना मातेने गुप्तता मागितली असल्यास तिच्या संमतीविना तिची ओळख उघड होत नाही.

वाढविणाऱ्यांनी या शोधास कृतघ्नपणा समजू नये. फारोच्या कन्येने मोशेस पुत्र मानिले. तरी मोठा झाल्यावर तो आपल्या बांधवांचे कष्ट पाहावयास गेलाच. तेवढ्याने त्या माउलीचे उपकार उणे झाले नाहीत.