अराजकाची बक्षिसे

घरातील मुलांच्या ‘वॉरहॅमर’ खेळातील विद्रूप आकृत्या पाहून आपण कदाचित बिचकला असाल. लहान प्रतिमा मांडून फाशांनी खेळावयाचा हा युद्धखेळ ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली काढला. त्यातील सर्वांत मोठे अरिष्ट म्हणजे ‘केऑस’, अर्थात अराजक. आठ दिशांना रोखलेले आठ बाण हे त्याचे चिन्ह. ते इंग्रज कादंबरीकार मायकेल मूरकॉक यांच्या कल्पनेतून आले.

या अराजकाची चार प्रमुख दैवते आहेत: संतापाचे खोर्न, कारस्थानाचे त्झीन्च, रोगराई व नैराश्याचे नर्गल आणि अतिभोगाचे स्लानेश. ही दैवते माणसांच्याच भावनांवर पोसली जातात. शौर्य किंवा आशा मर्यादा ओलांडू लागली, की तीही त्यांचे खाद्य होते.

‘रेल्म ऑफ केऑस’ या ग्रंथाच्या १९८८ व १९९० साली निघालेल्या दोन खंडांत या अधःपाताचे नियमच दिले आहेत. दैवताला शरण गेलेल्या योद्ध्यास बळ, शस्त्रे, चिलखत अशी बक्षिसे मिळतात. त्यांसोबत देहही पालटत जातो. क्वचित एखादा अमर दैत्यराज होतो. विकृती फार वाढलेला योद्धा मात्र विवेकहीन पशू होऊन उरतो. घेतलेल्याची किंमत अशी स्वतःच्या विवेकाने चुकवावी लागते.

खेळ काढून घेण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे: या योद्ध्याने कोणते बक्षीस नाकारावयास हवे होते? त्या उत्तरातून घरात एक चांगला संवाद सुरू होईल.