समाधानाचे दोन वाटेकरी

पगार वाढला की गरजाही वाढतात, हा घरोघरचा अनुभव. पण हातचा पगार सोडून समाधान शोधायला निघालेली माणसे विरळाच. कवी नारायण वामन टिळक हे त्यांपैकी एक.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुढे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. अखेर त्या पतीकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या हाती पैसा कधी टिकला नाही. गरजू दिसला की खिसा रिकामा व्हायचा. अनाथ मुलांनाही घरात थारा मिळायचा. ते देऊन मोकळे होत. चूल कशी पेटवायची, ही चिंता मात्र लक्ष्मीबाईंची. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ही ओढाताण त्यांनी लपवलेली नाही. पण रडगाणेही गायलेले नाही. उलट अडचणीतले हसू त्यांनी नेमके टिपले आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे मज्जाव नव्हता. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. मागे ठेवली ती भजने, कविता आणि 'ख्रिस्तायन' हे अपुरे महाकाव्य. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. टिळकांच्या ११ अध्यायांना त्यांनी आणखी ६४ अध्यायांची जोड दिली.

पैशाचा मोह सुटणे ही मोठीच गोष्ट. पण एकाने त्याग करावा आणि दुसऱ्याने उधारीचा हिशेब ठेवावा, यात घराचे समाधान नसते. लक्ष्मीबाईंनी श्रद्धा नवऱ्याच्या हुकमावरून स्वीकारली नाही. स्वतः पारखून घेतली. म्हणून टिळकांचे समाधान त्यांचेही झाले. साध्या राहणीचा संकल्प करणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात डोकावून यावे. तिथला होकार मिळाला, की थोडक्यातही भागते.