मागच्या चाकाचा हिशोब

बी. कॉम. तृतीय वर्ष

'जेणू काम तेणू थाय, बिजा करे सो गोता खाय' अशी एक म्हण आपल्याकडे नेहमी ऐकू येते. बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने बग्गी गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवर लेख लिहायला घेतला, म्हणजे ही म्हण त्याला ऐकवली जाणार हे उघड आहे. तरीही मी लिहितो आहे. कारण गेल्या वर्षी हा गोता मी खाल्ला नाही. ज्यांचे ते काम होते त्यांनीच तो खाल्ला, आणि त्या गोत्याचा जमाखर्च माझ्या वहीत आहे.

हकीगत थोडक्यात सांगतो. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजातील पंचवीस मुलांनी 'बाजा' स्पर्धेसाठी गाडी बांधायचे ठरवले. ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. आपल्या देशात ती २००७ पासून भरते, आणि होळकरांच्या इंदूरजवळील पिथमपूरशी तिचे नाव जोडले गेले आहे. एकाच माणसाने बसायची, खड्ड्या-दगडांतून आणि चिखलातून पळणारी चार चाकांची गाडी विद्यार्थ्यांनी आखायची, बांधायची आणि चालवायची. शेवटी चार तासांची शर्यत. पेट्रोलच्या गाडीत इंजिन सर्वांना एकच ठरवून दिलेले असते. म्हणून हुशारी दाखवायची ती उरलेल्या गाडीत. पैकी मागच्या चाकांची बांधणी ही सर्वात अवघड, कारण आमच्या गाडीचे निम्म्याहून जास्त वजन मागे, इंजिन मागे, आणि ताकदही मागच्याच चाकांना.

पंचवीस मुलांनी प्रत्येकी चार हजार काढले. बाकीचा पैसा कॉलेज आणि दोन कारखानदार देणार होते. "हिशोब तू ठेव, आम्हाला गाडी बघू दे," असे मामेभाऊ म्हणाला आणि वही माझ्या गळ्यात पडली.

मागच्या सस्पेन्शनची चर्चा दोन बैठकांत संपली. कप्तानाने डबल विशबोन निवडले. कारण काय, तर मागील वर्षी पहिल्या आलेल्या गाड्यांचे फोटो त्याने पाहिले होते. माझे वडील उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला आहेत. तेथील मेस्त्रींनी कागद पाहिला आणि मला म्हणाले, "नोड तम्मा," आणि मग अर्धे कन्नडात, अर्धे मराठीत सांगितले की, काढायला सोपे आहे, पण भोकाला भोक जुळवायला तुमच्याजवळ जिग कुठे आहे? मी ही शंका बैठकीत सांगितली. कॉमर्सचा मुलगा म्हणून सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे आज मला लागते.

आता वाचकांनी थोडा धीर धरावा. मागचे चाक गाडीला कसे बांधतात, याचे मुख्य प्रकार सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही.

पहिला प्रकार बैलगाडीइतका जुना आहे. दोन्ही चाके एकाच आसावर. ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या खाली वाकून पाहा, आस एक आणि त्याला धरणारे पाटे. मजबूत, स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारा. पण एक चाक दगडावर चढले की दुसरेही तिरके होते, आणि सगळा जड आस उड्या मारू लागला की चाके जमीन सोडतात.

दुसरा प्रकार म्हणजे गिअरबॉक्सपाशीच सांधा असलेला झुलता आस. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला तो होता. बीटलचेच इंजिन आणि सस्पेन्शन घेऊन ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियात 'मायर्स मँक्स' ही बग्गी बांधली. १९६७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झालेली पहिली मोठी शर्यत तिने जिंकली. आमच्या स्पर्धेचे 'बाजा' हे नाव त्याच मुलखावरून आले आहे. पण या आसाचा दोष असा, की जोरात वळताना गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि बाहेरचे चाक आत दुमडते. शेव्हरोले कॉर्वेअरचा हाच दोष राल्फ नेडर यांनी १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात जगापुढे मांडला. पुढे बीटलनेही १९६९ पासून अमेरिकेतील गाड्यांत हा आस सोडला.

तिसरा प्रकार ट्रेलिंग आर्म. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला धरणारा चिमटा सर्वांनी पाहिला आहे. तसाच एक एक आर्म प्रत्येक चाकाला. सांधा पुढे, चाक मागे. आपल्या ऑटोरिक्षाची मागची चाके अशाच स्वतंत्र आर्मवर असतात. सांध्याची रेघ थोडी तिरकी केली की तो सेमी-ट्रेलिंग आर्म झाला. बीटलने झुलता आस सोडून हाच धरला, आणि २००८ साली लोकांपुढे आलेल्या टाटांच्या नॅनोलाही मागे इंजिन आणि सेमी-ट्रेलिंग आर्म होते.

चौथा प्रकार डबल विशबोन. वर एक आणि खाली एक असे इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचे दोन आर्म, आणि चाकाची दिशा धरायला आणखी एक दांडी. चाक वर-खाली होताना किती कलावे, हे आखणाऱ्याला हवे तसे ठरवता येते. गुणात हा प्रकार श्रेष्ठ, हे मी मान्य करतो.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की आम्ही गुण मोजले आणि सांधे मोजलेच नाहीत. आमच्या आराखड्यात एका बाजूला सांगाड्यावर पाच आणि चाकाकडे तीन, म्हणजे आठ सांधे होते. दोन्ही बाजूंचे सोळा. ट्रेलिंग आर्मला बाजूला दोन बुश, एकूण चार. सोळा सांध्यांपैकी प्रत्येक जण थोडा चुकला तरी चुकांची बेरीज चाकाशी येऊन जमा होते. आमच्या सांगाड्याची डाव्या बाजूची पकड सहा मिलिमीटर सरकली होती. त्यामुळे डावे चाक एकीकडे पाहू लागले आणि उजवे दुसरीकडे.

गाडी तयार झाली तेव्हा स्पर्धेला दहा दिवस उरले होते. खानापूर रस्त्यालगतच्या जांभ्या मातीच्या माळावर ती पहिल्यांदा उड्या मारू लागली, आणि तिसऱ्या दिवशी एक सांधा तुटला. चाक खाली लोंबले, आणि गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट आतल्या सांध्यातून निसटला. मागच्या भागाचा अंदाज अडतीस हजार होता. सगळे पुन्हा करून खर्च एकाहत्तर हजारांवर गेला. तूट तेहतीस हजार. दुसरी वर्गणी प्रत्येकी दीड हजार निघाली. बावीस जणांनी दिली, आणि तूट भरली.

हुशार वाचकांच्या लक्षात आले असेल, की मुले पंचवीस होती. उरलेले तिघे कुठे गेले? त्यांच्यापैकी एक वडगावच्या विणकराचा मुलगा. घरी दोन माग. पहिले चार हजारही त्याने तीन हप्त्यांत दिले होते. सगळ्या चमूत त्याच्यासारखे वेल्डिंग कुणाचे नव्हते. तो पैसे मागायला घरी गेलाच नाही. "अभ्यास राहिलाय," असे सांगून तो यायचा बंद झाला. त्याने लावलेल्या टाक्यांवर गाडी स्पर्धेला गेली, आणि यादीत त्याचे नाव नव्हते. शर्यतीत ती दीड तासात बाहेर पडली. त्या दीड तासापेक्षा त्या यादीचे मला जास्त वाईट वाटते.

म्हणून माझे मत असे आहे. पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्या, हातात पैसा बेताचा असलेल्या चमूने मागे ट्रेलिंग आर्मच घ्यावा.

कारणे तीन. एक, तो आपल्या गावात होतो. पाइप कापायचा, बुशाचे घर लेथवर करून घ्यायचे, वेल्डिंग करायचे. मोडला तर रात्रीत दुसरा तयार होतो. दोन, खडबडीत वाटेला तो मुळातच मानवतो. सांधा चाकाच्या मध्यापेक्षा थोडा वर ठेवला, तर दगड लागताच चाक वर जाता जाता थोडे मागे सरते आणि धक्का पचवते. तीन, तो लवकर तयार होतो. दहाऐवजी चाळीस दिवस गाडी माळावर पळाली, तर गाडीच आपले दोष आपल्याला सांगते.

याला दोष नाहीत असे मी म्हणत नाही. वळणावर गाडी जितकी कलते तितकीच चाकेही कलतात. आडवा धक्का सगळा आर्मवर आणि बुशांवर येतो. यावर उपाय म्हणजे दोन बुश एकमेकांपासून जितके दूर ठेवता येतील तितके ठेवावेत आणि आर्म पेटीसारखा बंद करावा.

शॉकअप कुठे बसवायचा हाही व्याजासारखा फसवा हिशोब आहे. समजा, चालकासह गाडी २६० किलो. त्यातील साठ टक्के मागे, म्हणजे १५६. एका चाकावर ७८. उडी मारून पडताना तिप्पट धरले तर २३४ किलोचा भार. शॉकअप आर्मच्या मध्यावर लावला तर त्याच्यावर दुप्पट, ४६८ किलो. आणि स्प्रिंग मात्र दुप्पट कडक घेऊन भागत नाही, चौपट घ्यावी लागते, कारण भार दुप्पट होतो आणि स्प्रिंगला दबायला जागा निम्मीच मिळते. हे गणित मला मामेभावाने नव्हे, मेस्त्रींनी पहारीचे उदाहरण देऊन समजावले. म्हणून शॉकअप चाकाच्या जितका जवळ जाईल तितका न्यावा.

इंजिनिअरिंगचे मित्र म्हणतील, "असेच सोपे सोपे करत बसलो तर शिकणार कधी?" आक्षेप खरा आहे. पण शिकणे एका वर्षात संपत नाही. पुढच्या वर्षी पैसा आला, की त्याच आर्मच्या पुढच्या बुशांच्या जागी एक गोल सांधा घालावा आणि चाकापासून गाडीच्या मध्याकडे दोन आडव्या दांड्या जोडाव्यात. चाकाचा कल मग आपल्या ताब्यात येतो. (बुश तसेच ठेवून नुसत्या दांड्या जोडल्या तर आर्म अडकून बसेल, हे लक्षात ठेवावे.) अमेरिकेत माळरानावर पळणाऱ्या कंपन्यांच्या बग्ग्यांतही ही रचना दिसते. म्हणजे सोप्यापासून चांगल्याकडे जाणारी वाट आहे. आम्ही उडी मारायला गेलो.

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण कंजूष माणसाची आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, अंथरूण म्हणजे नुसता पैसा नव्हे. आपल्या शेडमधली लेथ, आपल्या मेस्त्रींचा हात, उरलेले दिवस, आणि सर्वात गरीब सोबत्याला परवडणारी वर्गणी, हे सगळे मिळून अंथरूण होते. स्पर्धेच्या परीक्षकांनाही हे ठाऊक असावे, कारण आखणीबरोबर खर्चाच्या तक्त्यालाही तेथे गुण असतात. आमच्या तक्त्यात सोळा सांध्यांची किंमत होती. तीन मुलांची नव्हती. ती कोणत्या खात्यावर टाकायची, हे आमच्या पुस्तकात मला सापडले नाही.

मामेभावाचा चमू या वर्षी पुन्हा गाडी बांधतो आहे. ट्रेलिंग आर्म ठरला आहे, वर्गणी दोन हजार आहे, आणि दुसरी वर्गणी काढायची नाही असा ठराव वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिला आहे. वडगावच्या मित्राकडे आम्ही दोघे गेलो होतो. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आर्मचा कागद मात्र त्याने ठेवून घेतला आणि विचारले, "बुशात किती अंतर धरलाय?"

कन्नड विभागातील एखाद्या मित्राला डबल विशबोनची बाजू मांडायची असेल, तर त्याने पुढच्या अंकात जरूर लिहावे. मी वाचीन. फक्त एक विनंती, लिहिण्यापूर्वी त्याने सांधे मोजावेत, आणि माणसेही.