पूर ओसरल्यावर सापडलेले कोणाचे?

समुद्रावरचे वादळ शमले की इंग्लंडसारख्या देशात किनाऱ्यावर हौशी शोधकांची वर्दळ सुरू होते. लाटांनी वाळूचा वरचा थर ओढून नेलेला असतो आणि धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने जुनी नाणी, अंगठ्या, फुटलेल्या गलबतांचे अवशेष हाती लागतात. खानदेशाला समुद्र नाही. परंतु वादळ तेथे जे काम करते, तेच येथे पूर करतो. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांचे काठ दर पावसाळ्यात थोडेथोडे ढासळतात, आणि या काठांवर नुसती माती नाही. तेथे हजारो वर्षांच्या वसाहती गाडलेल्या आहेत.

हे अतिशयोक्तीचे विधान नव्हे. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी असलेल्या बहाळ येथे 1952-53 मध्ये उत्खनन झाले, तर तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे 1954-55 मध्ये. प्रकाशे पूर्वी धुळे जिल्ह्यात होते; 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. तापीकाठच्या सावळदा या गावाचे नाव तर पुरातत्त्वज्ञांनी एका संपूर्ण संस्कृतीला दिले. चाळीसगाव तालुक्यातीलच पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली. तिचे वय सुमारे 25 हजार वर्षे मानले जाते. अशा स्थळांना गावकरी ‘पांढरी’ म्हणतात, आणि तेथील राखमिश्रित माती खत म्हणून शेतात नेऊन टाकण्याची रीतही जुनीच आहे. म्हणजे पुराने जे उघडे पडत नाही, ते बैलगाडीने आणि आता ट्रॅक्टरने उघडे पडते.

कायद्याचे गणित

अशा वेळी शेतकऱ्याला किंवा गुराख्याला एखादे नाणे, तांब्याची कुऱ्हाड वा चांदीचा तुकडा सापडला तर त्याने काय करावे? उत्तर 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यात आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि ती सरकारी कोषागारात जमा करावी किंवा तिच्यासाठी तारण द्यावे, असे हा कायदा सांगतो. त्यानंतर जाहीर सूचना निघते. हक्क सांगणाऱ्यांच्या सुनावणीसाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख ठरते. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची ही मर्यादा ठरली तेव्हा दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. आज त्यात चहाचा एक कपही कसाबसा येतो.

पण खरी मेख पुढे आहे. वस्तू बेवारस ठरली आणि सरकारला ती हवी असली, तर सरकार किती मोबदला देते? त्या वस्तूतील धातूची किंमत, अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा. समजा, तांब्याच्या एका प्राचीन कुऱ्हाडीत 400 रुपयांचे तांबे आहे. सरकार देणार 480 रुपये. म्हणजे प्रामाणिकपणाचे मोल झाले 80 रुपये! तेवढ्यासाठी गावकऱ्याने मजुरीचे दिवस बुडवायचे, एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायचे, जबाब द्यायचे आणि निम्मे वर्ष वाट पाहायची. उलट मोडीच्या दुकानात किंवा सराफाकडे त्याच धातूचे पैसे तासाभरात मिळतात आणि कोणी काही विचारत नाही. ज्या जळगावचा सोन्याचा बाजार साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, तेथील वाचकाला हे गणित फोडून सांगण्याची गरज नाही. कायदा प्रामाणिकपणाची किंमत एवढी कमी आणि त्याचा खर्च एवढा जास्त ठेवत असेल, तर लोक गप्प राहतात यात नवल कसले?

वितळलेला इतिहास

हे नुकसान केवळ भावनिक नाही. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी अभ्यासकांना पाहावयास मिळाली आणि त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारल्याचे आढळले. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला याचा यासारखा बोलका पुरावा दुसरा नाही. ही नाणी मुशीत गेली असती तर काही किलो चांदी मिळाली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे पुसले गेले असते.

वस्तूइतकेच महत्त्व ती जेथे सापडली त्या जागेला असते. प्रवरेकाठी दायमाबाद येथे 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. ती वाचली हे भाग्यच. परंतु ती नेमकी कोणत्या थरातून आली हे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहिले नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले.

त्यातच आता धातुशोधक यंत्रे सहज विकत मिळू लागली आहेत. गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आळा घातला. पण मांत्रिकाची जागा यंत्राने घेतली म्हणून हाव शास्त्रीय होत नाही. यंत्राचा आवाज ऐकून खणलेला खड्डा पांढरीचे सारे थर एकात एक मिसळून टाकतो.

बक्षीस कशाचे?

मग करावे काय? ब्रिटनने 1996 मध्ये कायदा बदलला. तेथे संग्रहालय एखादी निधी ठरलेली वस्तू घेते तेव्हा तिचे मूल्य बाजारभावाने ठरते आणि मोबदला सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. निधीच्या व्याख्येत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची व्यवस्था 1997 पासून सुरू झाली आणि दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. लोक तेच, जमीन तीच. बदलला तो फक्त मोबदला आणि वागणूक.

यावर आक्षेप येईल की, बक्षिसाच्या आशेने लोक सगळीकडे खणत सुटतील. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच भेद करावयास हवा. पुराने वा नांगराने उघडे पडलेले, जागेवर न छेडता कळवलेले, त्याला पूर्ण मोबदला. मुद्दाम खणून काढलेल्याला छदामही नाही, आणि पांढरीवर यंत्र फिरवणाऱ्याला शिक्षा. बक्षीस वस्तूचे नसावे, खबरीचे असावे. ब्रिटनच्या पद्धतीची आंधळी नक्कलही आपल्याला परवडणारी नाही. तेथील बाजारभाव आपल्या तिजोरीला झेपणार नाहीत. पण धातूच्या वजनावर मोबदला ठरवण्याची रीत सोडून पुरातन मूल्याचा विचार करणे आणि मोबदला ठराविक मुदतीत हातात देणे, यासाठी फार मोठा खर्च लागत नाही.

खबर देण्याची जागाही जवळ हवी. गावकरी जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढताना बिचकतो. तलाठ्याकडे वा गावच्या शिक्षकाकडे जाताना बिचकत नाही. धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. खानदेशातील महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत. शिक्षक व विद्यार्थी यांनी पावसाळ्यानंतर आपापल्या नदीकाठच्या पांढरींची पाहणी करून नोंद ठेवली, तर एक जिवंत जाळे उभे राहील. 2021 च्या ऑगस्टअखेर तितूर व डोंगरी नद्यांनी चाळीसगाव परिसरात हाहाकार उडवला. तेव्हा माणसे, गुरे आणि घरे यांची काळजी आधी करावी लागली, ते योग्यच होते. पण पाणी ओसरल्यावर ढासळलेल्या काठांकडे पाहणारी यंत्रणाही हवी.

पूर काही परवानगी विचारून येत नाही. तो दरवर्षी आपल्या इतिहासाचा थोडा भाग उघडा करून ठेवतो आणि पुढच्या पुरात तो वाहूनही नेतो. या दोन पुरांच्या मधल्या काळात ती वस्तू संग्रहालयात जाणार की मुशीत, हे गावकऱ्याच्या नीतिमत्तेवर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही. 1878 चे गणित बदलावे लागेल.